आट्याची जोडणी गळू नये म्हणून: टेप, सूत-सफेदा आणि एका पाव आट्याची किंमत



मागच्या व्हिडिओत आपण नळजोडणीच्या धंद्याला सुरुवातीला किती भांडवल लागतं ते पाहिलं. आज त्याच धंद्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त नाव खराब करणारं काम घेऊ. आट्याची जोडणी. नळ, निपल, कोपर, सॉकेट, टाकीचं तोंड, जिथे जिथे काहीतरी फिरवून बसवतो तिथे पाणी गळू नये म्हणून काय करायचं. व्हिडिओ बघून झाला असेल तरी हा लेख वाचा. हात कसा फिरवायचा ते व्हिडिओत दिसतं, पण तसाच का फिरवायचा ते वाचूनच डोक्यात बसतं.

आधी पाण्याचा हिशोब

आपल्या लातूर जिल्ह्यात पाण्याची किंमत कुणाला सांगावी लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली. दहा वाघिणी, एकेकीत साधारण ५० हजार लिटर, म्हणजे गाडीभर पाच लाख लिटर. ते दिवस आपण विसरलेलो नाही. आजही अहमदपुरात काय, उदगिरात काय, घर बांधताना माणूस आधी हौद आणि टाकी कुठे बसेल ते विचारतो आणि मग देवघर कुठे ते.

आता एक गळका नळ घ्या. सेकंदाला एक थेंब. दिवसाचे सेकंद ८६,४००, तेवढेच थेंब. साधारण १५ ते २० थेंबांचं एक मिलिलिटर धरलं तर दिवसाला चार ते सहा लिटर, महिन्याला १३० ते १७० लिटर. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. म्हणजे एका थेंबाने महिन्याला अडीच-तीन माणसांचं एक दिवसाचं पाणी गेलं. हे उघड्यावरच्या नळाचं. भिंतीतली जोडणी गळली तर पाणी जातंच, वर भिंतही जाते.

माझा पाव आटा

शिकवायला लागायच्या आधी मी स्वतः ही कामं करायचो. अहमदपुरातच एका निवृत्त गुरुजींच्या घरी न्हाणीघराचं काम घेतलं होतं. मजुरी ठरली ९ हजार. सगळी लाईन भिंतीतून, वर टाईल्स. शेवटच्या दिवशी रात्रीचे साडेनऊ झालेले. एक नळ घट्ट करता करता पाव आटा जास्त फिरला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. पुन्हा उघडून टेप मारायचा कंटाळा आला. मी नळ पाव आटा मागे घेतला, तोंड सरळ केलं, पाणी सोडून बघितलं. कोरडं. हिशोब घेतला आणि घरी आलो.

तीन आठवड्यांनी गुरुजींचा फोन. "बाळा, पलीकडच्या खोलीची भिंत ओली व्हायलीय." गेलो. बघितलं. आणि मी काय म्हणालो माहितीये? "गुरुजी, फिटिंगच हलकं निघालं, कंपनीचा माल आजकाल असाच यायलाय." काकू दारात उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत.

भिंत फोडली. फिटिंगला साधा तडासुद्धा नव्हता. नळ आणि निपल यांची जोडणी पक्की होती. मी नळ मागे फिरवला तेव्हा नळ निपलवर फिरलाच नव्हता. त्याच्यासोबत अख्खं निपल आतल्या कोपरात मागे सरकलं होतं. तिथली टेप एका बाजूला सोलून निघाली होती. पाणी लगेच आलं नाही, हळूहळू वाट काढत आलं.

टाईल्स, गवंड्याची दीड दिवसाची मजुरी, नवीन माल, माझे दोन दिवस. सगळं मिळून ९ हजारांतले साडेपाच हजार गेले. ते मी भरले, चूक माझी आहे हेही सांगितलं. पण आधी जे खोटं बोललो ते दोघांनी ऐकलेलं होतं. गुरुजींनी गावात बोभाटा केला नाही, आणि मला पुन्हा कधी काम दिलं नाही.

म्हणून या धड्यात एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल. घट्ट झालेला आटा मागे घ्यायचा नाही. बाकीचं आता नीट बघू.

आट्यातून पाणी येतंच कसं?

आटा म्हणजे नळीभोवती गुंडाळलेली एक दरी. बाहेरचा आटा आणि आतला आटा एकमेकांत बसले तरी दोघांच्या मध्ये बारीक फट उरतेच, आणि ती फट जिन्यासारखी गोल फिरत बाहेर येते. पाणी त्याच जिन्याने बाहेर पडतं. आटे जोडणी धरून ठेवतात. फट बुजवायचं काम टेपचं किंवा सुताचं. ही दोन कामं वेगळी आहेत हे समजलं की निम्मा धंदा समजला.

आपल्याकडे पाण्याच्या लाईनला जे आटे चालतात ते मूळ ब्रिटिश पद्धतीचे. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८४१ मध्ये आट्यांचं एकसारखं माप सुचवलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा होता. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंश. अर्धा आणि पाऊण इंचाला एका इंचात १४ आटे बसतात, एक इंचाला ११. अमेरिकी पद्धतीच्या आट्याचा कोन ६० अंश असतो. अर्धा इंचाला त्यातही इंचात १४ च आटे, म्हणून बाहेरून आलेला एखादा फिल्टर किंवा यंत्राचा भाग आपल्या सॉकेटमध्ये दोन-तीन फेरे जातो आणि मग अडतो. तिथे कितीही टेप मारा, भरवसा नाही. मधला अडॅप्टरच लागतो.

दुसरी गोष्ट, पाईपच्या टोकाचा आटा बहुतेक वेळा निमुळता असतो. १६ मिलिमीटर आत गेलं की जाडी एक मिलिमीटरने वाढते. म्हणून तो सुरुवातीला सहज जातो आणि पुढे पाचरीसारखा बसतो. ही पाचर धातूत चांगली. प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये तीच पाचर सॉकेट फोडते.

जिथे टेप लागतच नाही

नवीन पोरं प्रत्येक आट्याला टेप मारतात. काही ठिकाणी ती कामाची नाही, उलट नडते.

- वायसरची जोडणी. बेसिन किंवा गिझरच्या जोडनळीच्या टोकाला आत रबरी वायसर असतं. पाणी वायसर अडवतं. आट्याला जाड टेप मारली तर नट पूर्ण बसत नाही, वायसर दाबला जात नाही आणि गळतं.
- युनियन. याची दोन तोंडं एकमेकांवर घासून बसतात. तोंडावर कचरा किंवा ओरखडा असेल तर टेप काही करू शकत नाही. तोंड पुसा, रबरी रिंग असेल तर ती जागेवर आहे का बघा.
- टाकीचं निपल. टाकीच्या भिंतीला रबर दाबून बसतं म्हणून पाणी थांबतं. भोक गोल आणि गुळगुळीत पाहिजे. टेप फक्त निपलला पुढचा व्हॉल्व्ह जोडताना.

गळती दिसली की आधी विचारा, इथे पाणी अडवायचं काम कुणाचं आहे? टेपचं, वायसरचं की तोंडाचं?

सामान कोणतं घ्यायचं

*टेफ्लॉन टेप.* टेफ्लॉन १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनतज्ज्ञाला योगायोगाने सापडलं. त्याला काही चिकटत नाही आणि ते २६० अंशांपर्यंत टिकतं, म्हणून गिझरच्या गरम पाण्यालाही चालतं. ही टेप चिकटपट्टी नाही. ती फट भरते आणि आटा गुळगुळीत करते. गुळगुळीत करते हाच तिचा धोकाही आहे. हाताला जोर लागत नाही, म्हणून माणूस जास्त फिरवतो आणि फिटिंग तडकतं.

*सूत आणि सफेदा.* जुन्या जीआय पाईपला, मोठ्या मापाला आणि थोड्या खराब आट्याला अजूनही हेच भारी. सुताचा किंवा तागाचा धागा पाण्याने फुगतो आणि फट भरतो. पिण्याच्या पाण्याला सफेदा शिसे नसलेलाच घ्या, डब्यावर वाचून घ्या. प्लास्टिकच्या आट्याला सूत कधीच नको. फुगलं की सॉकेट फाटतं.

*सोल्यूशन.* सीपीव्हीसी-पीव्हीसी चिकटवायचं सोल्यूशन आट्याला लावायचं नाही. पितळेला ते धरत नाही, आणि प्लास्टिकला धरलं तर पुढे नळ बदलताना सगळं कापावं लागतं.

आणि एक इशारा. घरगुती गॅसच्या नळीला हात लावायचा नाही. ते काम गॅस एजन्सीच्या माणसाचं.

टेप मारायची पद्धत, एकेक पायरी

१. आटे साफ करा. जुनी टेप, क्षार, गंज तारेच्या ब्रशने काढा. आपल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आट्यात दगडासारखा बसतो, तो राहिला तर टेप त्याच्यावरच फाटते. जुन्या टेपवर नवीन टेप मारायची नाही.

२. टेपशिवाय एकदा हाताने फिरवून बघा. दोन-तीन आटे सरळ गेले पाहिजेत. तिरकं जातंय का, अडतंय का, हे इथेच कळतं.

३. आटेवाला तुकडा डाव्या हातात असा धरा की त्याचं उघडं तोंड तुमच्याकडे येईल. टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर जोडताना ती सुटून मागे गोळा होते. ही चूक मी प्रत्येक बॅचमध्ये बघतो.

४. तोंडाजवळचा पहिला आटा मोकळा सोडा. तिथली टेप आत लोंबते, तुटते आणि फिल्टरमध्ये किंवा शॉवरच्या भोकांत जाऊन बसते.

५. टेप ताणून धरा, इतकी की आट्यांच्या दऱ्या वरून दिसल्या पाहिजेत. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवा.

६. फेरे किती? बाजारातली साधी पातळ टेप असेल तर अर्धा इंचाच्या धातूच्या आट्याला ८ ते १०, प्लास्टिकच्या आट्याला ५-६. जाड टेप असेल तर कमी. खरी परीक्षा हाताची. हाताने दोन-तीन फेरे गेल्यावर जड झालं पाहिजे. हातानेच शेवटपर्यंत गेलं तर टेप कमी पडली.

७. शेवट तोडून अंगठ्याने आट्यात दाबा.

८. हाताने घट्ट करा, मग पान्याने एक ते दोन फेरे. प्लास्टिक असेल तर एकच, तोही सांभाळून. नेहमी दोन पाने. एकाने फिरवायचं, दुसऱ्याने मागचं फिटिंग धरून ठेवायचं. माझ्या हातात त्या रात्री दुसरा पाना असता तर आतलं निपल हललं नसतं.

९. नळाचं तोंड सरळ यायला थोडं कमी पडलं तर पुढे घ्या. जास्त झालं तर पूर्ण उघडा, टेप खरवडून काढा आणि एक-दोन फेरे वाढवून नवी मारा, म्हणजे आधीच घट्ट होईल. पाच मिनिटांचं काम आहे. माझे त्या पाच मिनिटांचे साडेपाच हजार झाले.

सूत वापरताना आट्यांवरून करवतीच्या पात्याने हलके ओरखडे काढा, म्हणजे धागा घसरत नाही. धागा आट्याच्याच दिशेने, पातळ आणि सारखा गुंडाळा, वर सफेदा चोळा. जोडणी झाल्यावर बाहेर आलेले धागे कापून टाका.

पितळ आणि प्लास्टिकचं लग्न

आताच्या कामात सीपीव्हीसी पाईप आणि पितळी नळ यांची गाठ सगळीकडे पडते. नियम सोपा आहे. भिंतीत जिथे नळ बसणार तिथे पितळी आटे असलेलंच फिटिंग घ्या. प्लास्टिकच्या आतल्या आट्यात लोखंडी किंवा पितळी निपल कोंबलं की ते आज नाही तर उन्हाळ्यात तडकतं. चार पैसे वाचवायला मालक आग्रह धरतील. त्यांना समजावून सांगा, नाहीतर भिंतीतल्या कामाला नाही म्हणा.

फिटिंग आधी पाईपला चिकटवा, सोल्यूशन वाळू द्या, मगच आटा घट्ट करा. ओल्या सोल्यूशनवर पाना फिरवला तर आट्यातून नाही, चिकटवलेल्या जागेतून गळेल, आणि तुम्ही टेपला शिव्या द्याल.

आपलं ऊनही लक्षात ठेवा. गच्चीवरचा दहा मीटर सीपीव्हीसी पाईप पहाटेपेक्षा दुपारी ३० अंशांनी तापला तर साधारण दोन सेंटीमीटर लांब होतो. दोन्ही टोकं पक्की आवळलेली असतील तर तो ताण आट्याच्या जोडणीवर येतो. क्लॅम्प असे लावा की पाईप थोडा सरकू शकेल, आणि वळणाजवळ मोकळी जागा ठेवा. "उन्हाळ्यात गळतं, पावसाळ्यात थांबतं" अशी तक्रार आली तर आधी गच्चीवर जा.

गावोगावच्या नळजोडणीत आणखी एक दुखणं असतं. अंगणातला उभा जीआय पाईप आणि त्याचा नळ. लोक त्याला घागर टेकवतात, म्हैस अंग घासते, पोरं लोंबकळतात. खालचा आटा रोज हलतो. तिथे नुसती टेप बदलून उपयोग नाही. पाईपला सिमेंटचा गट्टू किंवा खांब द्या, मग टेप टिकते.

तपासल्याशिवाय घरी जायचं नाही

पाणी सोडल्यावर पाच मिनिटांत कोरडं दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. ते मी शिकलो.

टाकी दहा मीटर उंच असेल तर नळाला साधारण एक किलोचा दाब मिळतो. आपल्या घरांच्या टाक्या चार-पाच मीटरवर, म्हणजे अर्धा किलो. इतक्या कमी दाबाला चूक लपून राहते. उद्या मालकाने दाबाचा पंप बसवला की ती उघडी पडते. म्हणून भिंतीतली लाईन टाईल्स लावायच्या आधी हाताच्या टेस्टिंग पंपाने, पाईप कंपनीने सांगितलेल्या दाबावर तपासा. आधी लाईनमधली हवा पूर्ण काढा. तासभर काटा खाली यायला नको. हवेच्या कॉम्प्रेसरने प्लास्टिकची लाईन तपासू नका. हवा दाबली जाते, पाईप फुटला तर तुकडे उडतात.

उघड्या जोडणीला साधा उपाय आहे. कापडाने पुसून कोरडं करा, खाली वर्तमानपत्राचा तुकडा बांधा, अर्ध्या तासाने बघा. कागद खोटं बोलत नाही. आणि जुन्या घरात जोडणीवर पांढरा क्षार साचलेला दिसला तर समजा, इथून पाणी झिरपत होतं. तो क्षार गळती तात्पुरती बुजवतो. हात लावला की ती पुन्हा सुरू होते. म्हणून हात लावायच्या आधी मालकाला दाखवा, नाहीतर "तुम्ही येईपर्यंत चांगलं होतं" हे ऐकावं लागेल.

आता धंद्याचं बोलू

अर्धा इंचाच्या आट्याचा घेर साधारण ६६ मिलिमीटर. दहा फेऱ्यांना ६६ सेंटीमीटर टेप. दहा मीटरच्या रिळात १५ जोडण्या होतात. रीळ २५ रुपयांना धरलं तर जोडणीला दोन रुपयेसुद्धा नाहीत. आता परत जाण्याचा हिशोब करा. समजा गाव १५ किलोमीटरवर आहे. पेट्रोल, अर्धा दिवस आणि त्या अर्ध्या दिवसात सोडलेलं दुसरं काम. चार-पाचशे रुपये सहज गेले. दोन रुपये वाचवून पाचशे घालवायचे, हा धंदा नाही.

म्हणून माझा आग्रह आहे, लिहून हमी द्या. साध्या कागदावर लिहा की माझ्या हातच्या जोडणीची एक वर्षाची हमी. सोबत हेही लिहा की मालकाने आणलेल्या मालाची, दुसऱ्याने पाना लावलेल्या जागेची आणि नंतर बसवलेल्या पंपाची हमी नाही. टाईल्स लागायच्या आधी लाईनचे फोटो काढून मालकाच्या मोबाईलवर पाठवा. पुढे भोक पाडताना त्यांच्या कामाला येतील, भांडण झालं तर तुमच्या.

भांडवलाबद्दल बरेच जण विचारतात. पाने, करवत, ब्रश, टेस्टिंग पंप आणि थोडा माल एवढ्यासाठी मुद्राच्या शिशू गटातलं ५० हजारांपर्यंतचं कर्ज पुरतं. उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सुतार, गवंडी, लोहार आहेत, पण प्लंबर नाही. कुणी "प्लंबरचा फॉर्म भरून देतो" म्हणालं तर सावध राहा. रीतसर शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा कोर्स आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

एक अर्धा इंची पितळी निपल, एक सॉकेट, एक रीळ आणि दोन पाने घ्या. दहा वेळा जोडा, दहा वेळा उघडा. प्रत्येक वेळी टेप खरवडून नवी मारा. एकदा मुद्दाम उलटी गुंडाळून बघा. एकदा घट्ट करून पाव आटा मागे घ्या, मग उघडा आणि टेप कशी झालीये ते भिंगाखाली नाही, नुसत्या डोळ्यांनी बघा. मला ते बघायला भिंत फोडावी लागली होती. तुम्हाला रीळभर टेपमध्ये दिसेल.

आणि काम चुकलं तर पहिल्याच फोनला खरं सांगा. भिंत फोडल्यावर ते दिसणारच असतं.

पुढच्या व्हिडिओत गच्चीवरच्या टाकीची जोडणी आणि तिचा दर कसा काढायचा ते बघू. तोवर हात चालू ठेवा.